सोलर बसवायचं, पण कुठल्या छतावर?

आमच्या आदिलाबादला मराठी घरांतसुद्धा 'वीज गेली' असं फारसं कुणी म्हणत नाही. 'करंट गेला' म्हणतात. शेजारचे तेलुगू लोक 'करंट पोयिंदी' म्हणतात, त्यांच्याकडून तो आमच्या तोंडात बसला. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ-चंद्रपूरकडचे आमचे नातेवाईक 'लाईन गेली' म्हणतात. आणि पुस्तकातली 'वीज' आमच्याकडे फक्त पावसाळ्यात आकाशातून पडते.

आता या सगळ्यांत एक नवा शब्द आला आहे आणि तो नदीच्या दोन्ही काठांवर एकच आहे: सोलर. 'सोलर बसवा, बिल झिरो करा' अशा पाट्या आदिलाबादच्या बसस्टँडपासून खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत दिसतात. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, इंजिनियर नाही. पण आमच्या पॅरिशमधल्या मुलींच्या हॉस्टेलसाठी सोलरची दोन कोटेशनं आली तेव्हा ती इंग्रजीतून मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी जे वाचावं लागलं, विचारावं लागलं, ते इथे सोप्या भाषेत मांडते आहे. सोलर चांगलं की वाईट हा प्रश्न मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. खरा प्रश्न आहे, कुठल्या छतावर आणि कशासाठी.

कोळशाच्या जिल्ह्यात ऊन

२०१६ पर्यंत आदिलाबाद हा खूप मोठा जिल्हा होता. मग त्याचे चार झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. जुन्या जिल्ह्यात बेल्लमपल्ली, मंचेरियाल या भागातल्या सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी होत्या. आज मंचेरियाल जिल्ह्यात जयपूर इथे सिंगरेणीचं १,२०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. गोदावरी ओलांडली की रामगुंडमचं एनटीपीसी. म्हणजे आमच्या मातीतल्या कोळशावर दूरदूरची शहरं उजळली. त्याच रामगुंडमच्या जलाशयावर २०२२ पासून १०० मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प चालू आहे. कोळसावाल्यांनीच पाण्यावर पॅनेल पसरली, यावरून वारा कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

उन्हाची आमच्याकडे कमतरता नाही. हिवाळ्यात तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी आमची, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर. पण इथेच पहिला गैरसमज दूर करायला हवा. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता मोजतात ती २५ अंश तापमान धरून. मे महिन्यात दुपारी पॅनेल हाताला चटका देईल इतकं तापतं, साठ अंशांच्याही वर जातं, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. चाळीस अंशांचा फरक पडला तर १२ ते १६ टक्के गेले. म्हणून पॅनेल छताला चिकटवून बसवत नाहीत. खालून वारा खेळावा म्हणून लोखंडी स्टँडवर उंच बसवतात, दक्षिणेकडे तोंड करून, साधारण वीस अंशांच्या उतारावर. आदिलाबाद विषुववृत्तापासून साधारण तेवढ्याच अंशांवर उत्तरेला आहे.

किलोवॅट आणि युनिट

कोटेशन वाचताना लोक इथे अडखळतात. किलोवॅट म्हणजे ताकद, युनिट म्हणजे झालेलं काम. एक किलोवॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. बिल येतं ते युनिटांचं. पॅनेल विकली जातात किलोवॅटवर.

आपल्या भागात एक किलोवॅटची पॅनेल वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला साधारण चार युनिट देतात. जुलै-ऑगस्टमध्ये कमी, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. एका किलोवॅटला अंदाजे शंभर चौरस फूट जागा लागते, तीही सावली नसलेली. कडुनिंबाची एक फांदी पॅनेलच्या कोपऱ्यावर आली तरी नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहत नाही, कारण आतले सेल माळेसारखे एकमेकांना जोडलेले असतात. एक मणी अडला की माळ अडते.

पॅनेलमधून निघणारा करंट बॅटरीसारखा एका दिशेचा असतो. घरातले पंखे, मोटर त्यावर चालत नाहीत. म्हणून मध्ये इन्व्हर्टर लागतो. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतात, इन्व्हर्टर इतका टिकत नाही. मध्ये एकदा तरी तो बदलावा लागेल हे धरूनच हिशेब करायचा.

करंट गेला की सोलरही जातं

हॉस्टेलच्या कमिटीत मी हे वाक्य सांगितलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसेना. 'वर सूर्य आहे, मग खाली अंधार कसा?'

कारण असं. बाजारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विकली जाणारी पद्धत म्हणजे ऑनग्रिड. यात बॅटरी नसते. दिवसा तयार झालेली वीज आधी घरात वापरली जाते, उरलेली बाहेरच्या तारेत जाते. दोन्ही बाजूंनी मोजणारं नेट मीटर असतं. दिवसा दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होतात. सरकारी तार हीच तुमची बँक.

पण बाहेरची लाईन बंद पडली की ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. हा बिघाड नाही, तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो. लाईनमन तार बंद आहे असं समजून खांबावर चढला आणि तुमच्या छतावरून तारेत करंट येत राहिला, तर त्याचा जीव जाईल. म्हणून नियमच असा आहे.

करंट गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी लागते. बॅटरी आणि सरकारी तार दोन्हींशी जोडलेल्या पद्धतीला हायब्रिड म्हणतात. ती महाग पडते. साध्या ट्यूब्युलर बॅटऱ्या चार-पाच वर्षांत थकतात, मग नव्या घ्याव्या लागतात. शहरात राहणाऱ्याला ऑनग्रिड पुरतं. उटनूर-नारनूरकडे, जिथे वाऱ्या-पावसात जंगलातल्या तारेवर झाड पडलं की दुरुस्तीला वेळ लागतो, तिथे फक्त ऑनग्रिड बसवणं म्हणजे ज्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलो ते सोडून दुसऱ्याच दुखण्याचं औषध आणणं.

बिल झिरो? ते तर आधीच झिरो आहे

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू झाली. एक कोटी घरांच्या छतांवर सोलर, हे तिचं उद्दिष्ट. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये सबसिडी. योजनेने धरलेली किंमत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याला ४५ हजार अशी आहे. म्हणजे तीन किलोवॅटचे १ लाख ४५ हजार. सबसिडी वजा जाता ६७ हजार आपल्या खिशातले. प्रत्यक्ष बाजारभाव याहून वर जाऊ शकतो. सबसिडी हवी तर पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेलेच लागतात. पैसे आधी मिळत नाहीत. सगळं बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर खात्यात येतात.

आता गंमत बघा. त्याच फेब्रुवारीत तेलंगणा सरकारने 'गृहज्योती' योजना आणली. पांढरं रेशनकार्ड असलेल्या घराने महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज वापरली तर बिल शून्य. आमच्या घरी दोन खोल्या, तीन पंखे, एक फ्रिज, टीव्ही. १२० युनिटांच्या वर आम्ही क्वचित जातो. पप्पांना एका एजंटने सांगितलं, 'बिल झिरो होईल.' पप्पा म्हणाले, 'ते झालंय की.' ६७ हजार घालून वाचणार किती? शून्य.

हेच घर महिन्याला २५० युनिट वापरत असेल तर चित्र बदलतं. २०० ओलांडलं की सवलत जाते आणि पूर्ण २५० युनिटांचं बिल येतं, साधारण चौदाशे रुपये. वर्षाचे झाले सोळा-सतरा हजार. तीन किलोवॅटमधून महिन्याला ३६० युनिट निघतात, म्हणजे गरज भागून उरतात. ६७ हजार चार वर्षांत वसूल.

पण २५० युनिट वापरणारी माणसं कोण? ज्यांच्याकडे कूलर, एसी, मोटर आणि सिमेंटचा स्लॅब आहे ती. बेला, जैनद, तामसीकडच्या खेड्यांत अजून कितीतरी घरं कौलांची आणि पत्र्याची आहेत. तिथे पॅनेलचं वजन पेलणारं छतच नाही. म्हणजे छतावरच्या सोलरची सबसिडी आधी पोचते ती पक्क्या छतापर्यंत. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण 'प्रत्येक छतावर सूर्य' म्हणताना कुणाचं छत मोजलं जातं आहे, हे विचारायला हवं. नदीपलीकडे हिशेब वेगळा आहे. महाराष्ट्रात २०० युनिटांची अशी सरसकट सूट नाही, त्यामुळे कमी वीज वापरणाऱ्या घरालाही सोलरचा फायदा दिसतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली छोटी मान्याचीवाडी २०२४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम झाली. ऊन तेच आहे, मधे फक्त राज्याची हद्द आहे.

मग कुणाच्या छतावर?

माझं उत्तर: आधी सगळ्यांच्या इमारतींवर. शाळा, हॉस्टेल, दवाखाना, ग्रामपंचायत.

आमच्या जिल्ह्यातच इचोडा मंडळात मुखरा (के) हे गाव आहे. या गावाने कचऱ्यापासून गांडूळखत केलं, ते विकलं आणि त्या कमाईतून गावासाठी सौर पॅनेल बसवली. पॅनेल एका घराची नाहीत, गावाची आहेत, देखभालही गावाची. इथे धडा यंत्राचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. पॅनेल पुसणार कोण, याचं उत्तर आधी ठरलेलं असावं लागतं. आमच्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगची धूळ उडते, ती पॅनेलवर बसते. माकडं तारा ओढतात. कधी मार्चमध्ये गारा पडतात. दर पंधरा दिवसांनी सकाळी, पॅनेल तापायच्या आत, साध्या पाण्याने पुसणारा माणूस नसेल तर कितीही भारी कंपनीची पॅनेल असोत, उत्पादन घसरतं.

जगातही हेच दिसतं. बांगलादेशात २००३ पासून घराघरांत छोटे सोलर संच देण्याचा मोठा कार्यक्रम झाला. हप्त्यांवर, गावातल्याच संस्थांमार्फत. चाळीस लाखांहून जास्त घरांत दिवे लागले. पुढे सरकारी तार त्या गावांपर्यंत पोचली आणि कित्येक संच मागे पडले. प्रयत्न फसला असं नाही. कित्येक मुलांनी त्याच दिव्यांखाली अभ्यास केला. पण पाच वर्षांनी आपल्याकडे काय येणार आहे, हे विचारून आज किती पैसा कुठे घालायचा ते ठरवावं, एवढं त्यातून कळतं. दुसरं टोक व्हॅटिकनचं. जगातला सर्वांत लहान देश. तिथे २००८ मध्ये पॅनेल बसवली ती सेंट पीटर्सच्या घुमटावर नाही, तर १९७१ च्या आधुनिक सभागृहाच्या सपाटसर, मोठ्या छतावर. दोन हजारांहून जास्त पॅनेल. जुनं आणि सुंदर ते तसंच ठेवलं, नवं आणि मोकळं ते कामाला लावलं. आमच्या पॅरिशच्या कौलारू चॅपलवर पॅनेल बसवावीत का, या वादात मी हेच उदाहरण दिलं.

हॉस्टेलचा हिशेब

हॉस्टेलमध्ये साठ मुली राहतात, बहुतेक गोंड आणि कोलाम घरांतल्या. पहिलं कोटेशन दहा किलोवॅट ऑनग्रिडचं, दुसरं पाच किलोवॅट हायब्रिडचं. सूर्यघरची सबसिडी राहत्या घरांसाठी आहे. खाजगी संस्थेच्या हॉस्टेलला ती नाही. म्हणजे सगळा पैसा कमिटीचा, आणि त्याच पैशातून दोन नवी संडासंही बांधायची होती. प्रश्न खरा होता.

आम्ही आधी वर्षभराची बिलं मांडली. मुली दिवसा शाळेत असतात, म्हणजे ऊन असताना वापर कमी. खरा वापर संध्याकाळी सहा ते दहा, अभ्यासाच्या वेळी. एप्रिलच्या शेवटापासून १२ जूनपर्यंत सुट्टी. हॉस्टेल रिकामं आणि ऊन भरपूर. आणि तक्रार बिलाची नव्हतीच. तक्रार होती ती परीक्षेच्या दिवसांत रात्री करंट जाण्याची. दहा किलोवॅटच्या ऑनग्रिडने हा प्रश्न एका मिनिटासाठीही सुटला नसता.

मग गरज मोजली. अभ्यासाच्या हॉलमध्ये वीस वॅटचे वीस एलईडी ट्यूब म्हणजे ४०० वॅट. तीस वॅटचे दहा पंखे म्हणजे ३०० वॅट. एकूण ७०० वॅट, तीन तासांना २.१ युनिट. १२ व्होल्ट, १५० अँपियर-अवरच्या चार बॅटऱ्यांत कागदावर ७.२ युनिट मावतात. त्या निम्म्यापर्यंतच रिकाम्या करायच्या, नाहीतर लवकर मरतात. तरी ३.६ युनिट उरतात, पुरेसे आहेत.

तीस वॅटचे पंखे कुठून आले? ही सगळ्यात स्वस्त युक्ती. साधा पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. हॉस्टेलमध्ये वीस पंखे आहेत. प्रत्येकी ४५ वॅट वाचले तर ९०० वॅट. दिवसाला दहा तास चालले तर नऊ युनिटांची बचत. दोन किलोवॅटची पॅनेल दिवसाला आठ युनिट देतात! म्हणजे वीस पंखे बदलणं हे दोन किलोवॅटच्या पॅनेलपेक्षा जास्त कामाचं, आणि खर्च जवळपास निम्मा. छताला पांढरा चुना दिला तर खालच्या खोल्या थंड राहतात, तो खर्च त्याहूनही कमी. तेलंगणाने २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरण आणलं ते याचसाठी.

कमिटीने ठरवलं: आधी पंखे आणि चुना, मग पाच किलोवॅट हायब्रिड, आणि राहिलेल्या पैशात एक संडास यंदा, दुसरं पुढच्या वर्षी. पाच किलोवॅटमधून महिन्याला ६०० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला ५७,६०० रुपये वाचतात. बॅटरी सोडून अडीच लाखांचा खर्च धरला तर साडेचार वर्षांत निघतो. सगळेच खूश नव्हते. एका काकांचं म्हणणं होतं की दोन्ही संडासं आधी. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. साठ मुलींना दिवा आधी की संडास आधी, हे गणित कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं.

आपण काय करू शकतो

ज्यांच्या घरी सोलरचा विचार चालू आहे त्यांनी सही करण्याआधी एवढं करावं. गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर घ्या आणि महिन्याचे युनिट लिहून काढा. वापर दिवसा आहे की रात्री, ते बघा. 'करंट गेला तर हे चालेल का?' हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर लिहून मागा. इन्व्हर्टरची आणि पॅनेलची वॉरंटी वेगवेगळी विचारा. पुसायला शिडी आणि पाणी छतापर्यंत पोचतं का, तेही बघा.

आणि मंडळासाठी एक सुचवते. आमच्या भागात बिल तेलुगू-इंग्रजीत येतं, कोटेशन इंग्रजीत, आणि पैसे देणारी आजी फक्त मराठी वाचते. तिच्यासाठी दोन पानं सोप्या मराठीत लिहिणं हेही भाषेचंच काम आहे. 'नेट मीटर', 'हायब्रिड', 'वॉरंटी' हे शब्द बदलायची गरज नाही. ते समजावून सांगायची गरज आहे. ज्यांच्याकडे अशी कोटेशनं आली असतील त्यांनी नाव आणि फोन नंबर झाकून त्यांची प्रत मंडळाच्या पुढच्या बैठकीला आणावी. तिघा-चौघांनी बसून एका दुपारी एक नमुना तयार करू. पुढच्या अंकात तो छापता येईल.